बॅटरी उतरली, वसुली कोणाकडून?

(शाखेच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मी मॅट्रिक पास माणूस, इंजिनिअर नव्हे. तरी आज करंटवर बोलणार आहे, कारण त्या करंटपायी आपल्या एका ड्रायव्हर बंधूच्या हातात एसएफ-११ पडले.

खात्याची जीप. लागोपाठ तीन सोमवारी बॅटरी उतरलेली. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. साहेब म्हणाले, ड्रायव्हर दिवे चालू ठेवून जातो. गॅरेजवाला म्हणाला, इंजिनची कंट्रोल पेटी, म्हणजे ईसीयू, करंट खाते, नवी टाका. पेटी महाग, म्हणून वसुलीची भाषा सुरू झाली.

मी ट्रेन लाइटिंगच्या एका जुन्या फिटरला सोबत नेले. डब्याखालच्या ११० व्होल्टच्या बॅटऱ्यांवर त्यांची हयात गेली, जीपच्या १२ व्होल्टला ते काय भितात! किल्ली काढली, दरवाजे लावले, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून मध्ये मीटर सिरीजमध्ये लावला. (मीटर असा असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.) पहिले रीडिंग ४ अँपिअर. साहेब लगेच "बघा" म्हणाले. फिटर म्हणाले, थांबा, केबल जोडली की पेट्या जाग्या होतात, त्यांना झोपू द्या. अर्ध्या तासाने काटा ०.९ वर स्थिरावला. निरोगी गाडीत तो साधारण ०.०५ च्या आत हवा.

आता हिशोब करा. शनिवार संध्याकाळी सहा ते सोमवार सकाळी सहा, ३६ तास. ३६ गुणिले ०.९ म्हणजे ३२ अँपिअर-तास. बॅटरी ६० ची. निम्म्याहून जास्त गेली, सेल्फ उचलणार कसा?

मग एकेक फ्यूज काढत गेले. ईसीयूचा काढताच रीडिंग ०.०३. गॅरेजवाला हसला. पण फ्यूजने लाइन कळते, गुन्हेगार नाही. त्या पेटीला करंट देतो मेन रिले. फिटरनी रिलेच्या कॉइलवर मीटर धरला, व्होल्टेज शून्य. म्हणजे पेटीने रिले सोडला होता, तरी आतला कॉन्टॅक्ट चिकटलेला. कॉइलवर व्होल्टेज मिळाले असते, तर पेटीवर किंवा तिच्या वायरिंगवर संशय घेणे रास्त होते. नवा रिले बसवला, अर्ध्या तासाने रीडिंग ०.०३.

प्रत्येक रीडिंग वेळेसह कागदावर लिहिले, त्याखाली सुपरवायझरची सही घेतली आणि तो कागद आरोपपत्राच्या उत्तराला जोडला. आरोपपत्र मागे घेतले गेले. दोन बॅटऱ्यांचे बिल कोणाच्या नावे टाकायचे, हे मात्र ऑफिसात अजून ठरत नाही.