मिलोची भाकरी आणि दोन महासत्ता



सोलापूर जिल्ह्यात १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला, त्यांच्यापुढे 'मिलो' एवढा एकच शब्द उच्चारून पाहावा. कुणी हसेल, कुणी तोंड वाकडे करील. मिलो म्हणजे रेशनच्या दुकानात मिळणारी अमेरिकेची लाल ज्वारी. तिच्या पिठाला विरी नसे. आधणाच्या पाण्यात मळले तरी काठवटीत थापताना भाकरीला चिरा पडत, आणि तव्यावर टाकीपर्यंत तिचे दोन तुकडे होत. ज्या मुलखात मोहोळच्या केंद्रावर मालदांडीची निवड झाली, जिथली मंगळवेढ्याची ज्वारी पाहुण्याला कौतुकाने वाढतात, त्या मुलखाने हे धान्य खाल्ले. अमेरिकेत ते बहुतांशी जनावरांना घालतात, ही गोष्टही लोकांच्या कानावर आली होती. भाकरीपेक्षा ती गोष्ट गिळणे अधिक कठीण गेले असावे.

आजच्या भाषणाचा विषय आहे शीतयुद्ध. मग सुरुवात मिलोपासून का, असे आपण विचाराल. पण हे युद्ध आपल्या घरात शिरले ते धान्याच्या पोत्यातूनच.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि हिटलरविरुद्ध एकत्र लढलेले अमेरिका व रशिया एकमेकांकडे डोळे वटारून पाहू लागले. एकाची भांडवलशाही, दुसऱ्याची साम्यवादी राजवट. दोघांपाशी अणुबाँब आल्यावर समोरासमोर लढण्याची सोय उरली नाही. म्हणून कोरियात, व्हिएतनाममध्ये दुसऱ्यांच्या शेतांतून लढाया झाल्या, आणि बाकीच्या जगात कर्ज, कारखाने, धान्य व शस्त्रे यांची चढाओढ लागली. हे १९९१ साली सोव्हिएत संघराज्य मोडेपर्यंत चालले. आपण कोणत्याही गटात जाणार नाही, असे पंडित नेहरूंनी सांगितले. सोलापूरच्या गिरणी कामगारांत लाल बावट्याच्या सभा जोरात होत. पण देशाचे धोरण अलिप्ततेचे होते.

अलिप्त राहायचे तर आधी कणगी भरलेली हवी, आणि ती रिकामी होती. १९५१ साली आपण अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले. कोरियाच्या प्रश्नावर भारत आपल्या बाजूने बोलत नाही, म्हणून तिथल्या काँग्रेसमध्ये कित्येक महिने वाद चालला. अखेर एकोणीस कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. पुढे १९५४ साली अमेरिकेने 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा केला. तिथल्या शेतकऱ्याचे जादा धान्य गोदामात साठून राहिले होते, ते मित्रदेशांना द्यायचे, आणि जमल्यास त्या देशांना साम्यवादापासून दूर ठेवायचे, असा त्यात दुहेरी हिशेब होता. ऑगस्ट १९५६ मध्ये भारताशी त्याखाली पहिला करार झाला. सोय अशी, की किंमत डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत द्यायची. ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच राहत.

त्या रुपयांची एक गंमत शिक्षकमंडळींना आवडेल. १९६२ पासून त्यांतून भारतीय भाषांतील नवी पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. आपण गहू खाल्ला आणि त्याच्या पैशातून आपल्या लेखकांची पुस्तके समुद्रापार गेली! हा हिशेब १९७४ साली मिटला. त्या वेळी अमेरिकी राजदूत मॉयनिहान यांनी १६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश भारत सरकारच्या हवाली केला.

रशियाही स्वस्थ बसला नव्हता. त्याने १९५५ च्या कराराने अडीच टक्के व्याजाच्या कर्जावर भिलाईचा पोलाद कारखाना उभारून दिला. त्याची पहिली भट्टी १९५९ साली पेटली. एकाचा गहू, दुसऱ्याचे पोलाद. दोन सावकारांची चुरस असली की कुळाला थोडी सवलत मिळते, हे खेड्यातील माणसाला समजावून सांगायला नको.

जाता जाता गाजर गवताविषयी. हे काँग्रेस गवत याच करारातील गव्हाबरोबर आले, असे सर्रास सांगतात. परंतु पुण्यात त्याची नोंद १९५५ ची आणि करार १९५६ चा. आले असेलच तर त्याआधीच्या गव्हातून आले असेल.

सवलतीची खरी किंमत १९६५ साली कळली. पाकिस्तानशी युद्ध झाले, पाऊस गेला, आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षावर्षाचे करार बंद करून गहू महिन्यामहिन्याच्या बोलीने सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण व्हिएतनामवरील बाँबफेकीला भारताने नावे ठेवलेलीही त्यांना खुपत होती. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपास करण्याचे आवाहन केले ते याच काळात. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले. ते आले नसते तर बिहारात माणसे मेली असती, हे कबूल केले पाहिजे. त्याच वर्षी मेक्सिकोहून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणून पंजाब-हरियाणात पेरले. गव्हाचा प्रश्न त्याने सुटत गेला. आपल्या कोरडवाहू ज्वारीचा मात्र नाही.

आणि मग बहात्तर साल उजाडले. सलग तिसरे वर्ष पावसाने दगा दिला. त्याआधी ऑगस्ट १९७१ मध्ये भारताने रशियाशी मैत्रीचा तह केला होता. डिसेंबरात बांगलादेशाचे युद्ध झाले, अमेरिकेने आपले आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडले, आणि जुन्या सवलतीचा गहू थांबला. आता आणीबाणी आलीच तर रोख डॉलर मोजून बाजारात जायचे.

बाजारात काय चालले होते? त्याच वर्षी रशियाचेही पीक बुडाले होते. मे महिन्यात निक्सन मॉस्कोला जाऊन आले, आणि उन्हाळ्यात रशियाने अमेरिकेकडून गुपचूप, उधारीच्या सवलतीसह, एक कोटी टनांहून अधिक गहू उचलला. व्हिएतनाममध्ये एकाची विमाने बाँब टाकीत होती, दुसऱ्याच्या तोफा त्यांच्यावर रोखलेल्या होत्या, आणि इकडे दोघांचा गव्हाचा सौदा बिनबोभाट पार पडला! जगात गव्हाचे भाव वर्षभरात दुपटीहून वर गेले. त्या चढ्या भावात भारताला धान्य घ्यावे लागले. मिलो आली ती अशा दिवसांत.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. कामावर सुकडी मिळे. मागेल त्याला काम हा रोजगार हमीचा विचार, ज्यासाठी वि. स. पागे झटले, तो याच उन्हात रुजला. १९७७ साली त्याचा कायदा झाला. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी शीतयुद्धाचा धडा घेताना गावातील सत्तरी गाठलेल्या एखाद्या आजीला वर्गात बोलवावे. निक्सन कोण, हे ती सांगणार नाही. पण मिलोची भाकरी मोडू नये म्हणून कशी थापावी लागे, हे नक्की सांगेल.

राहता राहिला रशिया. अमेरिकेकडून घसघशीत खरेदी केलेल्या या देशाने १९७३ च्या सप्टेंबराअखेर भारताला वीस लाख टन धान्य उसने देण्याचे ठरवले. फेड धान्यानेच करायची. पण त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. तो गहू बंदराला लागेपर्यंत सोलापूरकडची बहुतेक माणसे खडीचे हातोडे खाली ठेवून रब्बीच्या पेरणीसाठी आपापल्या गावी परतली होती.