बिबळ्या असा का वागतो?



प्राणिशास्त्रावर बोलायला मी उभा राहिलो, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि मोर्चांत गेले. शास्त्र जे थोडे कळते ते रात्री वाचून मिळवलेले. पण दिंडोशीकराला हा विषय टाळता येत नाही. आपली वस्ती संपते तिथे जंगल सुरू होते, आणि रात्रपाळीची बाई त्याच कडेने घरी येते.

बिबळ्या दिसला की आपण म्हणतो, तो क्रूर आहे, माजला आहे. शास्त्र असे शब्द वापरीत नाही. निको टिंबर्गेन या डच शास्त्रज्ञाने 1963 साली सांगितले की, प्राण्याच्या कोणत्याही वागण्याविषयी चार प्रश्न विचारावेत. ते वागणे कशाने जागे होते? जन्मापासून ते कसे घडत जाते? जगण्याला त्याचा उपयोग काय? आणि पूर्वजांपासून ते कसे उतरत आले? 1973 साली लोरेन्झ आणि फ्रिश यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रश्न आपल्या शेजाऱ्याला लावून पाहू. मांजरकुळातले प्राणी लक्षावधी वर्षे दबा धरून शिकार करीत आले. ज्यांना लपणे साधले, बेताचे भक्ष्य निवडणे साधले, त्यांचीच पिल्ले वाढली. बिबळ्या एकटा जगतो. तो जायबंदी झाला तर त्याला आजारपणाची रजा कोण देणार? म्हणून उभ्या, धडधाकट माणसाला तो सहसा टाळतो. पिल्लू दीडेक वर्ष आईबरोबर राहते. भक्ष्य कुठे सापडते, माणसांची वर्दळ केव्हा थांबते, हे तिच्या मागे फिरून शिकते. पण अंधारात खाली बसलेला माणूस किंवा लहान मूल त्याला भक्ष्याच्या आकाराचे दिसते. आणि जिथे उकिरडा तिथे कुत्री, जिथे कुत्री तिथे बिबळ्या.

मग त्याला पकडून दूर का नेत नाहीत? पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात हा उपाय झाला. उसाच्या रानातले 29 बिबळे सरासरी चाळीस किलोमीटरांवरच्या जंगलांत सोडण्यात आले. पूर्वी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, ते नंतर 17 वर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2011 साली प्रसिद्ध केले. आपला मुलूख सुटलेला बिबळ्या अनोळखी रानात भटकतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, ‘आजोबा’ नावाचा बिबळ्या गळ्यात यंत्रपट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या अंगाला आला. असल्या प्राण्यासाठी आपण सरहद्द कुठे आखणार?

आपल्या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे 104 चौरस किलोमीटर. 2018 च्या गणनेत तिथे आणि भोवतालच्या भागात 47 बिबळे छायाचित्रांत सापडले. 2004 च्या जून महिन्यात उद्यानाभोवती बिबळ्यांनी अनेक बळी घेतले. पुढे हल्ले पुष्कळ कमी झाले; पण 2021 साली शेजारच्या आरे वसाहतीत ते पुन्हा झाले, आणि 2022 च्या दिवाळीत तिथे दीड वर्षाचेही न झालेले एक मूल गेले. त्या मुलाच्या आईला उत्क्रांती सांगून भागणार नाही. माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ले करणारे जनावर धरलेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

परंतु एक पिंजरा लावला म्हणजे काम संपले, असे मानणे हे फसव्या तडजोडीवर सही करण्यासारखे आहे. इथले वारली वाघोबाला पुजतात आणि त्याच्या शेजारी राहतात. वागणे बदलायचे तर परिस्थिती बदलली पाहिजे. बिबळ्याचा स्वभाव घडायला लक्षावधी वर्षे लागली. उकिरडा उचलायला एक सकाळ पुरते.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असोत. कचरा रोज उचलला जावा. जंगलाच्या कडेच्या वाटेवर दिवे असावेत. घराजवळ संडास असावा, म्हणजे बायकामुलांना अंधारात झुडपाआड बसावे लागणार नाही. रात्रपाळीच्या माणसांना घरापर्यंत वाहन मिळावे. बिबळ्याला निवेदन देता येत नाही. ज्यांना देता येते, त्यांच्या दारी आपण एकजुटीने गेले पाहिजे.