छेद उडत नाही



रविवारी सकाळी दादरला एवढी शिक्षक मंडळी गणितासाठी जमली, याचं कौतुक वाटतं. रिवाजाप्रमाणे अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यायला हवा. पण तो छापील अहवालात आहे, घरी नेऊन वाचा. मला एका क्रियापदाविषयी बोलायचं आहे. उडवणे.

'छेद उडवा.' आठवीची एकचल समीकरणं सुरू झाली की गिरगावपासून परळपर्यंत कुठल्याही वर्गाबाहेर उभे राहा, हेच ऐकू येतं. जोडीला 'आठ तिकडे नेला'. कुणी नेला? आठ काय लोकल पकडून जातो? सुरुवातीची कित्येक वर्षं मीही हेच म्हणत होतो, म्हणून तर एवढा चिडून बोलतोय.

१९८२च्या गिरणी संपानंतरची गोष्ट. मी परळच्या एका रात्रशाळेत शिकवायचो. वर्गात एक गृहस्थ होते, माझ्याहून मोठे. गिरणी सुटलेली, दिवसा लालबागला मसाल्याच्या डंकावर काम. त्यांच्या ओळखीचा म्हणून मी प्रश्न घातला: मिरचीच्या एक चतुर्थांश धणे, एक अष्टमांश खडा मसाला, एकूण माल साडेपाच किलो, तर मिरची किती? फळ्यावर लिहिलं:

क्ष + क्ष/४ + क्ष/८ = ११/२

आणि म्हणालो, ''लसावि आठ. आठने गुणा, छेद उडवा.'' त्यांनी इमानेइतबारे उडवले. जिथे छेद दिसला तिथे. पहिल्या क्षखाली काही नव्हतंच, तो तसाच राहिला. क्ष + २क्ष + क्ष = ४४, म्हणून क्ष = ११. वहीच्या कडेला लाल तिखटाचं बोट उमटलेलं. ते उत्तराकडे बघत राहिले आणि म्हणाले, ''सर, माल साडेपाच किलो आणि त्यात मिरची अकरा किलो?''

मी स्पष्टीकरण जुळवत होतो, तेवढ्यात तेच पुढे बोलले, ''आठपट करायची तर सगळ्या मालाची करा ना. नुसत्या धण्या-मसाल्याची केली तर मिरची कमी पडेल.'' ८क्ष + २क्ष + क्ष = ४४. अकरा क्ष चव्वेचाळीस, मिरची चार किलो. धणे एक, खडा मसाला अर्धा. बेरीज साडेपाच.

सकाळच्या सत्रात तिरकस गुणाकार की लसावि, यावर आवाज चढले होते. माझ्यापुरता तो वाद त्या रात्रीच मिटला. तिरकस गुणाकार ही निराळी विद्या नव्हेच. दोन्ही बाजूंना दोन्ही छेदांनी गुणलं, एवढंच. पण ते न सांगता नुसती काट शिकवली की मुलं अधिकच्या चिन्हावरूनही काट मारतात. आणि क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) दिलं की छेद उडवून क्ष = ३ लिहितात. ३ ठेवून बघा, खाली शून्य येतं. समीकरणाला उकलच नाही, आणि घाईत आपण बरोबरची खूण केलेली असते!

पट करायची तर सगळ्याची, हे काही परदेशातून आणलेलं शहाणपण नाही. डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेल्या शिलालेखामुळे ज्यांच्या घराण्याचा चाळीसगावजवळच्या पाटणशी संबंध कळला, त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत कमळांचं उदाहरण आहे. तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा भाग देवांना वाहिला, सहा कमळं गुरूंसाठी उरली. तर एकूण किती? साठ धरून बघा. वीस, बारा, दहा, पंधरा गेली, उरली तीन. हवीत सहा, म्हणून ढीगच दुप्पट: एकशेवीस. ढिगातलं एकही कमळ दुपटीतून सुटलं नाही.

भागांचा असा हिशेब डंकावरच्या त्या गृहस्थांना नवा नव्हता; पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना तोंडपाठ होते. १९५७ला दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनं, आणि हे पाढे वर्गातून कधी गेले ते आपल्याला कळलंही नाही. ते परत आणा असं मी म्हणत नाही. म्हटलं तरी कोण ऐकणार!

पण वर्गात काय बोलावं नि काय बोलू नये, याची एक छोटी पुस्तिका काढायचं मनात आहे. उडवणे, नेणे, मारणे ही क्रियापदं पहिल्या पानावर. त्यासाठी उपसमिती नेमू. कोण, कधी, ते जेवणानंतर ठरवू. पैशांचं मात्र कोषाध्यक्षांना विचारा, ते मघापासून माझ्याकडे बघायचं टाळत आहेत.