विचारण्याआधी सांगा

'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात ग्रामपंचायती दरवर्षी आराखडा करतात. त्यासाठी शिवारफेरी होते, महिलासभा होते. कुठे समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात आणि बायकांच्या हाती चिंचोके देतात. जिथली गरज मोठी, तिथे जास्त चिंचोके ठेवायचे. समजा, एका वाडीतल्या बायकांनी सगळे चिंचोके ओढ्यावर ठेवले. त्यांना साकव हवा आहे. ओढा भरला की पोरांची शाळा बुडते, अडलेल्या बाईला दवाखान्यात नेता येत नाही.

आता पैसा पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग बंधित ठेवला. तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. हे बंधन मला गैर वाटत नाही. ते नसते, तर पाण्याआधी कमानी उभ्या राहिल्या असत्या. पण साकव उरलेल्या अबंधित भागात जातो आणि तिथे सगळ्याच वाड्यांची रांग असते.

अशा वेळी कोणी जाणता माणूस सुचवतो, "साकव लिहू नका, नळाच्या पाइपला आधार असं लिहा, काम होऊन जाईल." हेतू चांगलाच असतो. तरीही मला हे पटत नाही. आज साकव पाण्याच्या नावावर गेला, तर उद्या कमानही स्वच्छतेच्या नावावर जाईल. मग ज्या वाडीत खरोखर पाणी नाही, तिने कुणाला जाब विचारायचा?

त्याहून मोठा दोष मी सभेत गरजा विचारणाऱ्यांना देते. निधी किती, कोणत्या कामाचा, हे ठाऊक असूनही ते न सांगता 'तुम्हाला काय हवं' असं विचारणं म्हणजे खोटी आशा लावणं. सामाजिक दायित्वाच्या निधीतून गावात येणाऱ्या काही कंपन्याही असंच करतात: काम आधी ठरतं, पाहणी मागाहून होते. दिवसाची मजुरी बुडवून सभेला आलेली बाई पुढच्या वेळी येत नाही, आणि आपण म्हणतो, लोकांना उत्साहच नाही!

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत गरज सांगण्याआधी दोन प्रश्न विचारा. यंदा बंधित किती, अबंधित किती? गेल्या वर्षीच्या यादीतलं काय झालं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तो तुमचा हक्क आहे.