यकृतातील मेद व पुरुषाचे आरोग्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. सारी नोकरी मराठी शाळेत खडू झिजविण्यात गेली. वैद्यकावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही, हे आम्ही जाणून आहो. तथापि आमच्याच घरी जे घडले, त्यामुळे हा विषय डॉक्टरांपाशी बसून समजून घेणे आम्हांस भाग पडले. भगिनींसमोर तो काढल्याने कित्येकांस संकोच वाटेल. परंतु याचे दुःख आजवर भगिनींनीच भोगले आहे, तेव्हा तो त्यांच्या माघारी बोलणे प्रशस्त नव्हे.

आमच्या पुतण्याच्या लग्नास सहा वर्षे झाली तरी घरात पाळणा हलेना. (त्या उभयतांच्या संमतीनेच हे सांगत आहो.) सूनबाईच्या तपासण्या झाल्या, नवस झाले, उपासतापास झाले. हळूहळू संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणेही तिला येईनासे झाले. वर्गात जन्मभर कार्यकारणभाव शिकविणाऱ्या आम्हीही ‘मुलाचीही तपासणी करा’ असे एकदासुद्धा म्हटले नाही. पुतण्या उंचापुरा, अंगाने भरलेला, दारूचा थेंब न घेणारा. त्याच्या ठायी काही उणे असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने सोनोग्राफी झाली तेव्हा यकृतात मेद साचल्याचे निघाले. त्या डॉक्टरांनी सहज मुलाबाळांची चौकशी केली, आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतूंची संख्या उणी आढळली.

यकृतात शेकडा ५ हून अधिक मेद साचला की त्यास फॅटी लिव्हर म्हणतात. मद्य न घेणाऱ्यांतही यकृतास याच तऱ्हेची सूज येते, हे १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्टपणे मांडले. २०२३ साली तज्ज्ञांनी या विकाराचे नाव पालटून ते चयापचयाच्या बिघाडाशी जोडले.

आता यकृताचा नि अपत्याचा संबंध काय? पुरुषत्वाचे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन रक्तातून वाहून नेणारे एक प्रथिन यकृत तयार करते. यकृतात मेद साचला, शरीर इन्सुलिनास दाद देईनासे झाले, की हे प्रथिन घटते आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉनही कमी आढळते. इकडे अंगावरील चरबी त्याच टेस्टोस्टेरॉनचे काही अंशी स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. ते वाढले की मेंदूकडून वृषणांस जाणारी आज्ञा मंदावते. टेस्टोस्टेरॉन घटल्याने पोट आणखी सुटते. असे हे रहाटगाडगे आहे. शुक्रजंतू दुर्बळ होणे, समागमाची शक्ती उणावणे, या तक्रारी अशा पुरुषांत अधिक दिसतात. मात्र यकृतामुळेच अपत्य नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळदा सुटलेले पोट व मधुमेहाची चाहूल हेच दोहोंचे मूळ असते. यकृतात मेद असून चार मुलांचे बाप झालेले गृहस्थ याच सभागृहात बसले असतील!

वजन शेकडा ७ ते १० उतरले तर यकृताची सूज ओसरू लागते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा. (आपल्या पंगतीतील जिलेबीच्या आग्रहाविषयी आम्ही निराळे काय सांगावे?) नवे शुक्रजंतू तयार होण्यास अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा आठ दिवसांत गुण शोधू नये. तालमीत कोणी सांगितले म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर मुळीच घेऊ नयेत; त्यांनी वृषणांचे स्वतःचे काम थंडावते व शुक्रजंतू पार नाहीसेही होऊ शकतात. तरुणांस हे उलटे वाटते, पण खरे आहे.

अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे वा स्त्रीकडील कारणासमवेत, आढळते. वीर्यतपासणी सोपी, अल्पखर्चाची आणि वेदनारहित. तरी ती आमच्या घरी सहा वर्षांनी झाली, आणि सूनबाईच्या तपासण्या पहिल्याच वर्षी!

पुतण्याचे वजन आठ किलोने उतरले आहे. तो रोज पहाटे चालतो. यकृताचा अहवाल सुधारला, दुसरी वीर्यतपासणीही बरी आली. पाळणा अद्याप हललेला नाही. पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. सूनबाईची आम्ही पाडव्याच्या दिवशी क्षमा मागितली. ती म्हणाली, “काका, मला नको, पण हे एकदा सर्वांसमोर सांगा.” म्हणून आज उभे राहिलो.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी महिला मंडळ लवकरच करावयास घेईल. अपत्य नाही म्हणून कोणाही सुनेचे नाव तीतून गाळू नये, एवढी आमची विनंती आहे.