समजणंही शिकवावं लागतं



आरंभी एक वाक्य सांगतो. ‘तांबूस गमट्याने दोन ढिंबकी फुरांडली.’ आता सांगा, गमट्याचा रंग कोणता? तांबूस. त्याने किती ढिंबकी फुरांडली? दोन. म्हणजे दोनपैकी दोन गुण! या वाक्याला काहीही अर्थ नाही, तरी आपण सगळे पास झालो. धड्याखालच्या ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’मधले पुष्कळ प्रश्न असेच सुटतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचं उतरवून काढायचं. अर्थाशी गाठ न पडताही वहीत बरोबरची खूण मिळते आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की वाचलेलं समजणं हे अक्षरओळखीच्या मागोमाग आपोआप येत नाही. ते शिकवावं लागतं आणि ते शिकवता येतं.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या अभ्यासिकेने चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची नोंद केली. १९७८-७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात दिसलं, की प्रत्यक्ष आकलन शिकवण्यात एक टक्क्याहूनही कमी वेळ गेला होता. शिक्षक प्रश्न भरपूर विचारत होते, पण ते समजलं की नाही हे तपासण्यासाठी. समजून कसं घ्यायचं, हे कोणी दाखवत नव्हतं. आपणही ‘समजलं का?’ असं विचारतो, वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि तास संपतो.

मग शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एक छोटा उतारा घेऊ. ‘सखू विहिरीवर पोचली तेव्हा कोंबडाही आरवला नव्हता. तरी तिच्याआधी सात घागरी रांगेत होत्या. तिने कठड्यावरून आत डोकावून पाहिलं, आणि घरून आणलेल्या दोरीला आणखी एक दोरी गाठ मारून जोडली.’

‘सखू कुठे गेली?’ हा गमट्याच्याच जातीचा प्रश्न झाला. ‘हे दिवस कोणते असतील?’ या प्रश्नापासून खरं वाचन सुरू होतं. उताऱ्यात उन्हाळा हा शब्द नाही, पाणी आटल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मूल म्हणतं, ‘उन्हाळा.’ तिथे शाबासकी देऊन थांबू नका. लगेच विचारा, ‘कशावरून?’ मग ते दोरीकडे बोट दाखवतं. दोरी पुरली नाही, म्हणजे पाणी खोल गेलं. दुसरं मूल रांगेकडे बोट दाखवतं. दोन ओळींच्या मधलं वाचणं म्हणतात ते हेच.

सुताराकडे कामाला राहिलेल्या पोराला रंधा कसा धरायचा ते डोळ्यांनी दिसतं. वाचणाऱ्याचं काम मात्र डोक्यात चालतं, ते कोणालाच दिसत नाही. म्हणून शिक्षकाने ते बोलून दाखवायला हवं. ‘इथे मी जरा अडखळलो. आणखी एक दोरी कशाला? थांबा, मागचं वाक्य पुन्हा वाचतो. अच्छा, आत डोकावल्यावर तिला काहीतरी दिसलं असणार.’ चांगला वाचकही अडतो, मागे जातो, अंदाज बांधतो आणि बदलतो, हे मुलांना कळणं फार मोलाचं आहे. नाहीतर अडखळणं म्हणजे आपला ढपणा, अशीच त्यांची समजूत होते.

याला पद्धतशीर रूप दिलं ॲनमरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राउन या अभ्यासिकांनी. त्यांचा अभ्यास १९८४चा. सातवीतली मुलं घेतली. त्यांना अक्षरं नीट वाचता येत होती, अर्थ मात्र हाती लागत नव्हता. चार कामं ठरली: पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं उलगडून घेणं आणि थोडक्यात सांगणं. आधी शिक्षकाने करून दाखवायचं, मग मुलांनी आळीपाळीने शिक्षक व्हायचं. साधारण वीस दिवसांच्या अशा कामाने मुलांच्या आकलनात ठळक सुधारणा झाली. याला यंत्र लागत नाही की निधी लागत नाही. चार मुलं आणि एक उतारा पुरतो.

पण या युक्त्यांनाच सर्वस्व मानू नका. ज्या मुलाने घरात फक्त नळच पाहिला, त्याला ती दुसरी दोरी काय सांगणार? १९८८मध्ये रेक्ट आणि लेस्ली या अभ्यासकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर दिला. वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून युक्त्या थोड्या दिवसांत शिकवा आणि ज्ञान मात्र वर्षभर वाढवा. भूगोल, विज्ञान, गावातली कामं, झाडंपाखरं, गोष्टी या सगळ्यांबद्दल मुलांशी बोलत राहा, त्यांना वाचून दाखवत राहा. ज्याला अजून स्वतः वाचता येत नाही, त्याच्याशीही ऐकलेल्या गोष्टीवर ‘कशावरून?’ची चर्चा आजच सुरू करता येते. अक्षरओळख पक्की झाल्यावर मग अर्थ, असा क्रम लावून मुलाची दोन-तीन वर्षं वाया घालवू नका.

२०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या पूर्ण इंग्रजी नावातच समजपूर्वक वाचन आहे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं त्याचं लक्ष्य आहे. घड्याळ लावून शब्द मोजणं सोपं असतं, म्हणून ६० लक्षात राहतात आणि ‘अर्थासह’ मागे पडतं. शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पालकांनीही मोजणीइतकाच वेळ त्या दुसऱ्या शब्दाला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हीच मुलं उद्या औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचतील, कर्जाच्या कागदावर सही करतील, मोबाइलवर आलेली बातमी पुढे पाठवतील. तिथे धड्याखालचे प्रश्न नसतील आणि शेजारी शिक्षकही नसतील. ‘कशावरून?’ हे तिथे त्यांचं त्यांनीच विचारायचं आहे. ती सवय दहा वर्षांच्या शाळेत लागली नाही, तर पुढे ती लावणारं कोणी नाही. म्हणून उद्याच्या तासाला एकच उतारा घ्या, एकच प्रश्न विचारा आणि मूल विचार करत असेपर्यंत थांबा.