रंग उतरवताना

नाटकाचा पडदा पडला की प्रेक्षक घरी जातात. नटाचे एक काम मात्र शिल्लक राहते. तोंडावरचा रंग उतरवायचा असतो. रंग चढवण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, उतरवण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज त्याविषयीच चार गोष्टी सांगेन म्हणतो.

मी शिकवतो मराठी; त्वचेचा तज्ज्ञ नव्हे. पण महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत वीसेक वर्षे लुडबुड केलेली आहे. आमचे जुने रंगभूषाकार प्रयोग संपला की मुलांच्या तळहातावर खोबरेल ओतायचे नि म्हणायचे, "आधी तेल, मग पाणी. घाई कराल तर कातडं सोलून घ्याल." हे मी वर्षानुवर्षे ऐकले, पण ध्यानात धरले नाही. गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी एकांकिकेचा प्रयोग करून रात्री उशिरा घरी आली. पापण्यांना पाण्याने न निघणारा मस्कारा. मी अर्धवट झोपेत म्हणालो, "अगं, साबण लाव नि चोळ. निघेल." तिने चोळले. सकाळी डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. आणि संध्याकाळी दुसरा प्रयोग! डॉक्टरांनी रंग लावायला मनाई केली. तिची भूमिका दुसऱ्या मुलीने वही हातात धरून निभावली. मुलगी मला काही बोलली नाही. तेच अधिक लागले.

आता साबण हरला का? एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने स्निग्ध पदार्थात खललेल्या रंगाच्या कांड्या विकायला काढल्या. तेव्हापासून रंगभूमीवरचा पुष्कळसा रंग स्निग्धच असतो. पाण्याला दाद न देणाऱ्या मस्काऱ्यात तर मेण असते. पाणी त्यावरून नुसते ओघळते. फणस कापायला बसणारी बाई आधी हाताला नि विळीला तेल का लावते, हे आपल्याला ठाऊक आहे. चिकाला पाणी कळत नाही, तेल कळते. रंगाचेही तसेच.

मग बाजारात मिळणारे ते नवे तेल काय अधिक करते? जपानी रंगभूषाकार शू उएमुरा याने १९६० च्या दशकात असे तेल विक्रीस आणून पुढे लोकप्रिय केले. त्यात तेलाबरोबर एक मध्यस्थ द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे रंग विरघळवून झाला की तेल पाण्याबरोबर निघून जाते.

प्रायश्चित्त म्हणून मी मुलीकडून स्वतःचे तोंड रंगवून घेतले. डाव्या गालाला खोबरेल, उजव्याला बाटलीतले तेल. पहिली चूक लगेच झाली. सवयीने मी आधी तोंडावर पाणी मारले. उजव्या गालावरचे तेल रंगाला भिडण्याआधीच दुधासारखे पांढरे झाले आणि रंग नुसता फासला गेला. पुन्हा रंगलो. या खेपेला हात कोरडे, तोंड कोरडे. बोटांनी मिनिटभर हलकेच फिरवले, मिटलेल्या पापण्यांवर अगदी अलगद. मग ओला हात फिरवून, दूध झाल्यावर, भरपूर पाण्याने धुतले.

निकाल सांगतो. रंग दोन्ही गालांवरून सारखाच सुटला. आमचे रंगभूषाकार खोटे नव्हते! फरक पुढे पडला. खोबरेलाचा गाल फडक्याने टिपावा लागला, तरी तुकतुकीत राहिला. आणि ज्यांना मुरुमे येतात त्यांना असा थर राहणे सोसत नाही. बाटलीचा गाल पाण्यानेच मोकळा झाला. मात्र थोडे तेल डोळ्यांत गेले नि काही वेळ सारे धुरकट दिसले. शिवाय बाटली महाग. घरी खोबरेल असेल आणि कातडीला ते मानवत असेल, तर मऊ फडके नि सौम्य साबण जोडीला घेऊन भागते. बाटली हवीच असे नाही. धीर मात्र हवाच.

रंग चढवायला आपण तासभर बसतो. उतरवायला पाच मिनिटे काढली तर उद्याचा प्रयोग वाचतो.

परवा मुलीचा पुन्हा प्रयोग झाला. पडदा पडताच मी बाटली घेऊन रंगपटात हजर. तिने डोळे मिटून तोंड पुढे केले नि विचारले, "बाबा, हात कोरडे आहेत ना?"